गिअरची दांडी: चाकापाशीं कीं पायापाशीं?

जुनी मोटार बाळगणें हें अलीकडे कित्येक घरांत वडिलार्जित दागिन्याप्रमाणें अभिमानाचें झालें आहे. परंतु दागिना पेटींत राहतो आणि मोटार घाट उतरते, हा भेद विसरून चालत नाहीं. तेव्हां अशा गाडीचा एखादा भाग बदलावा कीं दुरुस्त करावा, हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा न राहतां घरांतील माणसांच्या जिवाचा होतो.

आमच्या परिचयाच्या येथील एका एकत्र कुटुंबांत १९७४ सालची एक मोटार आहे. तिची गिअरची दांडी जुन्या पद्धतीप्रमाणें स्टीअरिंगच्या खांबाला जोडलेली. गेल्या दिवाळीनंतर ही मंडळी गगनबावड्याहून करूळ घाटानें वैभववाडीकडे उतरत असतां, तिसऱ्या गिअरांतून दुसऱ्यांत येतांना दांडी मध्येंच अडकली. गाडी उतारावर मोकळी सुटली, आणि ब्रेक व हातब्रेक यांच्या बळावर कशीबशी डोंगराच्या अंगास थांबली. इजा कोणासहि झाली नाहीं. परंतु घरांतील आजीबाईंनीं त्या दिवसापासून तींत पाऊल ठेविलेलें नाहीं. चिरंजीव म्हणतात, गाडी विकून टाका. पुण्यास अभियंता असलेला नातू म्हणतो, चाकापाशींची दांडी काढून अमेरिकन गाड्यांसारखी आंखूड दांडी पायापाशीं बसवूं. आजोबांचें म्हणणें, गाडीला कोणी हात लावूं नये. या वादांत आम्हांस मत विचारण्यांत आलें. तें येथें मांडीत आहों, कारण असाच प्रश्न इतर घरांतहि उपस्थित होण्यासारखा आहे.

चाकापाशींची दांडी ही कोणाची लहर नव्हती. ती तेथें गेल्यानें पुढचें आसन बाकासारखें अखंड ठेवतां येई व तिघांना बसतां येई. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें कुर्ल्याच्या कारखान्यांत प्रथम डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या काढल्या, व नंतर फियाटच्या. १९७४ सालीं ज्या फियाटचें नांव पद्मिनी झालें, तिचीहि दांडी चाकापाशींच असे. मुंबईची टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त होईपर्यंत कित्येक चालकांचा डावा हात याच दांडीवर मुरला.

नातवाची हौसहि निराधार नाहीं. १९६४ सालीं अमेरिकेंत पाँटिअॅक जीटीओ ही मध्यम आकाराच्या देहांत मोठें इंजिन घातलेली गाडी निघाली, व तिला हर्स्ट कंपनीची पायापाशींची दांडी होती. अशा दांडीचा गुण असा कीं ती गिअरपेटीच्या निकट असते, त्यामुळें मधले सांधे थोडे. चाकापाशींच्या दांडीला मात्र दोन कामें दुरून करावीं लागतात: खांबाच्या लांबीच्या दिशेनें सरकून कोणती जोडी ती निवडणें, आणि फिरून त्या जोडींतील गिअर जोडणें. दोन्ही हालचाली लोखंडी कांड्या व बुश यांच्या मालिकेंतून पेटीपर्यंत जातात. प्रत्येक सांध्याची ढिलाई थोडी असली, तरी सर्वांची बेरीज हातास जाणवते. आणि ती फार वाढली म्हणजे एक गिअर पुरता सुटण्यापूर्वीं दुसरा धरूं पाहतो व दांडी अडकते.

आतां आंखूड दांडीचें गणित पाहूं. दांडी ही तरफ आहे. टेकूच्या वरचा भाग १२ इंच व खालचा २ इंच असेल, तर प्रमाण सहास एक. खालचें टोक पाऊण इंच हलावयास हात साडेचार इंच हलवावा लागतो. वरचा भाग ८ इंच केला तर प्रमाण चारास एक, हाताची हालचाल तीन इंच. पण जोर दीडपट. शर्यतींत हा सौदा परवडतो. सत्तरी उलटलेल्या खांद्यास घाटांत वारंवार तो करावा लागला तर परवडेल कीं नाहीं, याचा विचार घरानेंच करावा. ज्यास दांडी निवडावयाचीच आहे, त्यानें केवळ मुठीची शोभा पाहूं नये. हाताचा जोर मर्यादेबाहेर जाऊं न देणारे अडसर-बोल्ट तिला आहेत कीं नाहींत, बुश बदलतां येतात कीं नाहीं, आणि दांडी मागें आली असतां आसनास लागते कीं काय, हें आधीं पाहावें.

परंतु त्याहूनहि आधीं दोष कोठें आहे तें शोधलें पाहिजे. निदानापूर्वीं औषध नको. गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावे. बंद असतां सहज पडतात व चालू असतां कुरकुरतात, तर बहुधा क्लच पुरता सुटत नाहीं. बंद असतांहि दांडी अडते, तर प्रथम बाहेरच्या कांड्या व बुश पाहावे. पडलेला गिअर चढउतारावर आपोआप सुटतो, तर दोष बहुधा पेटीच्या आंत आहे, आणि त्यास कोणतीहि नवी दांडी उपयोगी नाहीं.

कायद्याचीहि बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फेरफार करूं देत नाहीं; बाक काढून दोन सुटीं आसनें घातलीं तर आसनसंख्येचा प्रश्न येतो. शिवाय जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांस स्वतंत्र नोंदणी देऊं केली. तींत सांगाडा, कवच वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे, व अशी गाडी नित्य वापरासहि नेतां येत नाहीं. तळास भोंक पाडण्यापूर्वीं परिवहन कचेरींत विचारणें शहाणपणाचें.

आमच्या सांगण्यावरून त्या घरानें ही परीक्षा शिवाजी उद्यमनगरांतील एका जाणत्या मेस्त्रींकडून करविली. इंजिन बंद असतांहि दांडी अडे. बुश झिजून लांबट झाले होते. मेस्त्रींनीं लेथवर गनमेटलचे नवे बुश कातून बसविले व कांड्या न्यूट्रलमध्यें पुनः जुळविल्या. नातू दोन्ही दिवस त्यांच्या शेजारीं उभा राहून पाना देत होता. मग गाडी, प्रवासी न घेतां, पन्हाळ्याच्या उतारावर तीन वेळां तपासली.

तेव्हां आमचें मत असें: बाक, दांडी व खांब हीं ज्या गाडींत एकमेकांसाठीं योजिलीं, तेथें तीं तशींच ठेवावीं. पायापाशींचीच दांडी हवी असेल त्यानें मूळची तशी गाडी शोधावी. इसुझु इंजिनाची कॉन्टेसा क्लासिक तशी आहे. आजोबांसहि आमचें सांगणें आहे कीं हात न लावणें म्हणजे जपणें नव्हे. पन्नास वर्षांचा बुश बदलला म्हणून गाडी परकी होत नाहीं. आजीबाईंनीं अद्याप होकार दिलेला नाहीं. त्यांस आग्रह करूं नये. गाडी सहा महिने निर्धोक चालली, म्हणजे मग विचारावें.