भाचीचे टाचण

माझी भाची लॉस एंजेलिसला नोकरी करते. येत्या मार्चमध्ये ती एकटीच गाडी घेऊन डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानांत चार रात्री तंबूत राहणार आहे. हे कळल्यावर आपाने फोनवरच रडायला सुरुवात केली. अम्मीचा एकच प्रश्न, "सोबत कोण?" मग नातेवाईकांची मते आली. मुलीची जात, परका मुलुख, लोक काय म्हणतील. वाळवंटाबद्दल मात्र एकानेही विचारले नाही.

माझा राग यावर आहे. तिच्या भावाने हाच बेत केला असता तर हेच लोक त्याच्या पाठीवर थाप मारून मोकळे झाले असते. अ‍ॅरन रॅल्स्टन हा धडधाकट, कसलेला गिर्यारोहक होता. एप्रिल 2003 मध्ये तो यूटा राज्यातल्या ब्लू जॉन घळीत एकटा गेला. कुठे जातो हे कोणालाही सांगितले नाही. दगडाखाली हात अडकला आणि 127 तासांनी स्वतःचा हात कापून तो सुटला. त्याच्यावरचा सिनेमा आपल्याकडे कित्येकांनी ए. आर. रहमानच्या संगीतासाठी पाहिला असेल. एकटे जाणे त्याला तेवढे महागात पडले नसते, न सांगता जाणे पडले.

आणि सोबतीचे म्हणाल, तर जुलै 1996 मध्ये एक जर्मन कुटुंब भाड्याची साधी व्हॅन घेऊन डेथ व्हॅलीच्या कच्च्या रस्त्याला लागले. चौघे होते. व्हॅन काही महिन्यांनी सापडली, माणसांचे अवशेष मिळायला 2009 उजाडले.

म्हणून मी भाचीला म्हटले, बेटा, बेत लिहून पाठव. बी.एड.ला आम्ही पाठ टाचण काढायचो, तसे. तिने पाठवले आणि मी लाल पेन घेतले.

महिना निवडला त्याला पूर्ण गुण. याच खोऱ्यात 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश सेल्सिअसची नोंद झालेली आहे. मार्चमध्ये तिथे उन्हाळ्याच्या मानाने बरे असते. पण पाणी? बारा लिटर! उद्यानाचीच सूचना आहे की माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर हवे. पाच दिवसांचे एकोणीस झाले. गाडी अडकली तर दोन दिवसांचे वेगळे, रेडिएटरचे वेगळे. मी तीस लिहिले.

तिला रेसट्रॅकचे सरकणारे दगड पाहायचे आहेत. तिथे जाणारा सुमारे 43 किलोमीटरचा रस्ता खडीचा आहे आणि त्याची टोकदार खडी साधे टायर फाडते. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्चा रस्ता सहसा बसत नाही, तेव्हा करार आधी वाच, असे लिहिले. पूर्ण आकाराचे जादा चाक, हवा भरायचा पंप, कागदी नकाशा. गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबायचे, हे दोनदा अधोरेखित केले. शिवाय 'ऑफ-रोड' म्हणजे आखलेला कच्चा रस्ता, मन मानेल तिकडे चाके घालणे नव्हे. उद्यानात त्याला बंदी आहे आणि चाकांचे वण त्या जमिनीवर कित्येक वर्षे राहतात.

शेवटचा रकाना होता, 'कोणाला कळवणार?' बाईसाहेबांनी लिहिले होते, इन्स्टाग्रामवर टाकेन. डेथ व्हॅलीच्या बहुतेक भागात मोबाइलला रेंज नाही! इथे मात्र मी फोन करून ओरडलो. ती आधी हसली, मग गप्प झाली. म्हणाली, "मामू, तुम्ही जाऊ नको म्हणणार असं वाटलं होतं."

आता उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र ती भाड्याने घेणार आहे. तिकडे सकाळी आठला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठला, रोज एक संदेश येईल. दहापर्यंत आला नाही तर मी उद्यानाच्या कार्यालयाला फोन करायचा. गाडीचा नंबर, तंबूचा रंग, कुठल्या रात्री कुठे मुक्काम, सगळे एका कागदावर आहे. एक प्रत माझ्या कपाटावर चिकटवली आहे. दुसरी अम्मीने मागून घेतली. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून ती उर्दूत लिहून दिली.