मुळांतली साखर

जर्मनीत बेलित्सच्या परिसरात वसंतात शेतांवर प्लास्टिकचे लांबच लांब पट्टे दिसतात. आपण कलिंगडाच्या वाफ्यावर अंथरतो तसाच हा मल्चिंग पेपर, फक्त एक बाजू काळी आणि दुसरी पांढरी. खाली मातीच्या उंच वरंब्यात पांढरा ॲस्परॅगस असतो. थंडी असताना काळी बाजू वर ठेवतात, म्हणजे माती तापते आणि कोंब लवकर येतात. ऊन चढले की पेपर उलटतात. पांढऱ्या बाजूवरून ऊन परतते आणि कोंबांचा वेग आवरतो.

माती १०-१२ अंशांच्या पुढे गेली की कोंब हलू लागतात. उकाड्यात ते इतक्या झपाट्याने वाढतात की दिवसातून दोनदा काढणी करावी लागते. हिरव्या ॲस्परॅगसमध्ये मात्र उष्ण हवेत कोंब बुटका असतानाच टोक सुटते आणि भाव पडतो. काढलेला कोंबही जोरात श्वसन करत राहतो. तो लगेच ० ते २ अंशांवर नेला नाही, तर गोडी जाते आणि देठ चिवट होतो.

हे सारे डोळ्यांना दिसते. मुळांत काय चालले आहे ते दिसत नाही, आणि खरा प्रश्न तिथेच आहे. कोंबाला पाने नसतात. तो गेल्या उन्हाळ्यात मुळांत साठलेल्या साखरेवर वाढतो. म्हणूनच २४ जूनला, संत जॉनच्या दिवशी, काढणी थांबवण्याची तिथे जुनी रीत आहे. मग नाजूक पालवी वाढते आणि शरदापर्यंत मुळे पुन्हा भरते. हंगामाच्या सुरुवातीचा चढा भाव गाठायला काही शेतकरी जमिनीखाली गरम पाण्याचे पाइपही फिरवतात. पण उष्णता अन्न निर्माण करत नाही, साठा लवकर उपसते एवढेच. तो फार उपसला गेला, तर पुढच्या वर्षी कोंब बारीक आणि कमी येतात.

माती कृत्रिमरीत्या तापवल्यावर पंचांगातली तारीख पुरेशी नाही, असे आम्हाला वाटते. न्यूझीलंडच्या संशोधकांनी मुळांच्या रसातली साखर रिफ्रॅक्टोमीटरने मोजायची पद्धत बसवली. नाशिकचा द्राक्षबागायतदार मण्यांची गोडी पाहतो, ते हेच उपकरण. तापवलेल्या शेतात काढणी कधी थांबवायची हे त्या आकड्यावरून ठरावे. मार्चमध्ये सुरू झालेल्या शेताने २४ जूनची वाट पाहू नये.