न्हावा-शेव्याची मजुरी

उरण-पनवेलच्या पट्ट्यात नोकरीचा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. सरकारी जाहिराती आणि उद्घाटनाची भाषणे सांगतात, परदेशी भांडवल आले की रोजगार येतो आणि भूमिपुत्राचे भले होते. गावच्या सभेत सांगितले जाते की रोजगार आला खरा, पण तो परप्रांतीयांनी पळवला. ही मते मांडणारे एकमेकांचे विरोधक समजले जातात. मला मात्र दोघांचीही नजर एकाच जागी अडलेली दिसते. भांडवल आणि मजूर यांच्यामध्ये जो ठेका बसला आहे, त्याच्याकडे दोघेही पाहत नाहीत.

आधी भांडवलाचे पाहू. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी 1984 मध्ये जासई आणि नवघरला पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या रक्तातून मिळाला. न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाले, पण बंदराच्या प्रकल्पग्रस्तांच्या हातात त्या भूखंडांची इरादापत्रे पडायला 2014 उजाडले. दरम्यान भांडवल थांबले नाही. देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल इथेच 1999 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पी अँड ओ कंपनीने चालवायला घेतले, पुढे ते दुबईच्या डीपी वर्ल्डकडे गेले. मग डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची कंपनी आली, सिंगापूरची पीएसए आली. बंदराचे स्वतःचे टर्मिनलही, कामगारांचा विरोध असताना, 2022 मध्ये जे एम बक्षी आणि फ्रान्सच्या सीएमए यांच्याकडे सोपवले गेले. 2024-25 या वर्षात इथून सुमारे 73 लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापाने तितके नग, हलवले गेले.

ही प्रगती मी नाकारत नाही. रस्ते झाले, गावच्या काही पोरांनी कर्ज काढून ट्रेलर घेतले, काही जण क्रेनवर चढले. पण कंटेनरची सारी युक्तीच मुळी कमी हातांत जास्त माल हलवण्याची आहे. पूर्वी पाठीवरून उतरणारा माल आता एक चालक केबिनमधून उतरवतो. उरलेली माणसांची कामे बंदराच्या भिंतीबाहेरच्या सीएफएसमध्ये (कंटेनर फ्रेट स्टेशनांत) आणि गोदामांत गेली: कंटेनर भरणे, रिकामा करणे, माल बांधणे, पहारा, झाडलोट. ही कामे ठेकेदाराकडून होतात. कामगाराच्या गळ्यातले ओळखपत्र पाहा. त्यावर ठेकेदाराचे नाव असते. ठेका बदलला की कार्ड बदलते. माणूस तोच, यार्ड तेच, काम तेच, पण ग्रॅच्युइटीची पाच वर्षे मोजायची ती पुन्हा पहिल्या दिवसापासून. भांडवल दुबईचे असो, सिंगापूरचे असो की अहमदाबादचे, या कार्डावर त्याचा काडीचा फरक पडत नाही.

समुद्राचा हिशेब तर वेगळाच मांडावा लागेल. भरावामुळे खाडीची मासेमारी गेली म्हणून 2015 मध्ये हरित लवादाने 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटी 19 लाखांची भरपाई द्यायला सांगितले. कोळ्याचे जाळे कुठल्याही रोजगाराच्या आकडेवारीत नव्हते, त्यामुळे ते गेल्याचीही नोंद कुठल्या वजाबाकीत झाली नाही.

आता परप्रांतीयांचे. ज्या घरातला मुलगा 'बाहेरच्यांनी आमची कामे घेतली' म्हणतो, त्याच घराच्या मागे गरजेपोटी बांधलेल्या खोल्या आहेत. एकेका खोलीत बिहारची, उत्तर प्रदेशची, झारखंडची पाच-सहा पोरे राहतात. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच अंथरुणावर पडतो. जमीन गेलेल्या कित्येक आगरी घरांची चूल आज या भाड्यावर पेटते. बाहेरचा माणूस गेला तर कामाआधी भाडे जाईल. आणि तो कमी मजुरीत का राबतो? त्याला गावी परतायचे भाडे ठेकेदाराकडून उचल म्हणून घ्यावे लागते, इथे त्याचे मत नाही, भांडायला भाऊबंद नाहीत. स्थानिक पोराला ठेकेदार टाळतो तो याच कारणाने. हा पोरगा पगारपत्रक मागेल, पीएफ विचारेल, वेळ आली तर गेटवर गाव आणेल. बाहेरच्याची लाचारी हाच ठेकेदाराचा नफा आहे. ती लाचारी संपवली तर स्थानिकाला टाळण्याचे कारणच उरत नाही.

अर्थशास्त्रातही हा वाद जुना आहे. 1980 मध्ये क्यूबाहून सव्वा लाख माणसे अचानक फ्लोरिडाला आली. मायामीतले कामगार सात टक्क्यांनी वाढले, तरी तिथल्या अल्पशिक्षितांची मजुरी घसरली नाही, असे डेव्हिड कार्ड यांनी 1990 मध्ये दाखवले. जॉर्ज बोर्हास यांनी पुढे हरकत घेतली की शाळा सोडलेल्यांना फटका बसलाच. ती हरकत मला महत्त्वाची वाटते. तळाच्या पायरीवर स्पर्धा असते, म्हणून त्या पायरीखाली पक्की जमीन हवी.

यावर उत्तर म्हणून 80 टक्के स्थानिकांची अट पुढे केली जाते. पण शासनाच्या लेखी स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात 15 वर्षे राहिलेला. त्यात बंदरालगतच्या जसखारचा मुलगा आणि नांदेडचा मुलगा सारखेच. शिवाय ही अट डोकी मोजते, मजुरी मोजत नाही. दहापैकी आठ स्थानिकांना ठेक्यावर राबवले तरी ती पूर्ण होते.

पक्की जमीन कशी घालायची हे याच शहराला ठाऊक आहे. वाशीच्या बाजार समितीतला माथाडी सातारा-सांगलीकडून आलेला, म्हणजे आगरी-कोळ्यांच्या दृष्टीने तोही एकेकाळी बाहेरचाच. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला. मालक आणि कामगार दोघांची नोंद मंडळाकडे. मालक मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरतो. मंडळ कामगाराला मजुरी देते आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस. मालक बदलला तरी नोंद कामगाराची राहते. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारे निघाले हे खरे आहे, त्यांना तुरुंगात घाला. त्यासाठी कायदा मोडीत काढायचे कारण नाही.

नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितेत मुख्य कामासाठी कंत्राटी मजूर लावायला बंदी आहे. चढउतार, सफाई, पहारा ही कामे तिने मुख्य कामातून वगळली, पण आस्थापना त्याच कामासाठी उभी नसेल तरच. बंदर आणि सीएफएस चढउतारासाठीच उभे आहेत! अर्थात, जे काम नेहमी कंत्राटदाराकडूनच होत आले आहे त्याला सूट अशी पळवाटही तिथेच ठेवली आहे. ती बुजवण्यासाठी न्यायालयात आणि रस्त्यावर भांडावे लागेल. त्या भांडणात बिहारचा पोरगा युनियनचा सभासद म्हणून शेजारी हवा, कारण तो बाहेर राहिला तर संपाच्या दुसऱ्या दिवशी ठेकेदार त्यालाच गेटमधून आत नेईल.

पीएसएच्या टर्मिनलच्या करारात बंदराचा महसुली वाटा 35.79 टक्के, असा दशांशापर्यंत ठरला. कंत्राटी कामगाराची मजुरी, सलग सेवा आणि गावच्या मुलांचे प्रशिक्षण यांची कलमेही तितक्याच काटेकोरपणे लिहिता येतात. नवी मुंबईचा विमानतळही डिसेंबर 2025 मध्ये सुरू झाला आहे. सामान चढवणे, सफाई, पहारा, कार्गोची गोदामे यांचे ठेके आता एकामागून एक निघतील, आणि ही कलमे त्यांच्या निविदांतच घालून घ्यावी लागतील. सह्या झाल्यावर पुढच्या नूतनीकरणापर्यंत हातात फक्त मोर्चा उरतो.