भिगवणपर्यंत गप्प!

पुणे-सोलापूर हायवेवर आम्ही भिगवणला गाडी थांबवतो, ती एकाच कारणासाठी. चिलापी! उजनीच्या पाण्यातली, कुरकुरीत तळलेली, सोबत झणझणीत रस्सा. थंडीत गेलात तर बॅकवॉटरवरचे फ्लेमिंगो बोनस. पण मागच्या हिवाळ्यात आमच्यातल्या एका मेंबरनं तिथं ताटाला हातसुद्धा लावला नाही. वय वर्षं तेरा. माझी पुतणी.

सोलापूरला तिची शालेय हॉकीची मॅच होती. दादा ड्रायव्हर, मी क्लीनर, ती मागच्या सीटवर किटबॅगसकट. मॅच एक-दोननं हरली. शेवटच्या काही मिनिटांत पेनल्टी कॉर्नर मिळाला होता. पुश व्यवस्थित आला, पण हिचं ट्रॅपिंग चुकलं आणि बॉल स्टिकवरून उडाला. होतं असं. खेळ आहे.

पण दादाची मॅच तर आत्ता सुरू झाली होती! मोहोळपर्यंत ट्रॅपिंग. टेंभुर्णीपर्यंत फिटनेस. इंदापूर आलं तेव्हा, ‘तुझी ती मैत्रीण बघ, किती अॅग्रेसिव्ह खेळते’. भिगवण यायच्या आत कोचिंगची फी, स्टिकची किंमत आणि त्यानं ऑफिसात टाकलेल्या सुट्ट्या, असा सगळा हिशेब मांडून झाला. मागची सीट खिडकीबाहेर बघत बसलेली.

आता, आमचा दादा वाईट बाप नाही हं. उलट एकदम टॉपचा. पहाटे साडेपाचला पोरीला ग्राउंडवर सोडणार, नऊच्या कॉलला लॅपटॉपसमोर हजर. पण मॅच सुरू झाली की हा बाहेरून ओरडणार, ‘मार! मार!’ तिकडे कोच सांगतोय, ‘पास दे.’ पोरीनं ऐकायचं कुणाचं? एका ऑफिसात दोन बॉस असले की आपली काय अवस्था होते, ते आठवून बघा!

हॉटेलात हात धुवायला गेलो, तर ती शेजारी येऊन उभी राहिली.

“काका, पुढच्या वेळी मी टीमबरोबर एसटीनं येऊ?”

“का गं? गाडी आहे की आपली.”

“बाबा नसले की मी बरी खेळते.” मग घाईघाईनं, “त्यांना सांगू नकोस हं.”

घ्या! आली का पंचाईत? मोठ्या भावाला शिकवायचं, तेही पोरीच्या बाबतीत, आणि स्वतःचं अजून लग्नाचंही ठरलेलं नाही. बरं, गप्प बसावं तर उद्या ही पोर एखादं फालतू कारण सांगून हॉकीच सोडणार. आणि दादा आयुष्यभर म्हणत राहणार, ‘मी काय कमी केलं तिच्यासाठी?’

ही दुखणी फक्त आपल्याकडची नाहीत बरं का. कॅनडात बर्फावरच्या हॉकीत आईबापांचा आरडाओरडा इतका वाढला, की कॅलगरी शहरात २०१०पासून पालकांनाच ऑनलाइन कोर्स सक्तीचा केला. घरातल्या एकानं तरी तो पूर्ण करायचा, नाहीतर पोरगं खेळणार नाही. म्हणजे परीक्षा बापाची, बेंचवर बसायची पाळी पोराची!

आपल्याकडे कोर्स नाही, पण उदाहरणं आहेत. खडकीचा धनराज पिल्ले घ्या. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत ग्राउंड्समन. नवीन स्टिक परवडत नव्हती, तर मोडक्या स्टिकनं खेळला. तो श्रेय देतो ते आईला, अंदालम्मांना. घरात एवढी ओढाताण असताना ‘खेळा’ म्हणणाऱ्या आईला. हाच धनराज पुढे चार ऑलिंपिक आणि चार वर्ल्ड कप खेळला आणि १९९८ला बँकॉकच्या एशियाडमध्ये त्याच्या कॅप्टनशिपखाली भारतानं गोल्ड आणलं.

एवढं मागे जायचं नसेल, तर भिगवणहून बारामतीच्या रस्त्यानं फलटण तालुक्यात जा. तिथल्या आसू गावातल्या शेतकरी घरातली वैष्णवी फाळके शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडली आणि २०२३मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये ब्रॉंझ जिंकणाऱ्या भारतीय टीममध्ये होती. प्रबोधिनी निवासी असते. म्हणजे रोज ग्राउंडच्या कडेला आईबाप नाहीत, परतीच्या गाडीत लेक्चर नाही. त्यांच्या वाट्याला येतं ते लेकराला घरापासून लांब पाठवणं. विचार करा, जास्त अवघड काय आहे?

असो. पार्सलची वाट बघत आम्ही दोघं भाऊ काउंटरपाशी उभे होतो. पुतणीला दिलेला शब्द मोडायचा नव्हता. म्हणून एवढंच विचारलं, “दादा, रिझल्टच्या दिवशी शाळा ते घर, आठवतं?”

आमचे बाबा हातात मार्कशीट घेऊन पुढे, आम्ही मागे. ‘गणितात ते सहा मार्क कुठे गेले?’ पंधरा मिनिटांचा रस्ता, पण संपता संपायचा नाही. दादा तर एकदा वाटेतच म्हणाला होता, ‘मी हॉस्टेलला जातो.’

दादा काही बोलला नाही. पार्सल घेतलं, गाडीत बसला. गाणी लावली. पाटस गेलं, तरी गप्प. स्टिअरिंगवरची बोटं मात्र चुळबुळत होती. बिचाऱ्यासाठी सोलापूरच्या उन्हात उभं राहण्यापेक्षा हे अवघड होतं.

यवतच्या आसपास मागून आवाज आला. “बाबा, तो कॉर्नर ना... मी बॉल येण्याआधीच वर बघितलं. म्हणून चुकलं.”

मला वाटलं, आता सुटला हा. पण दादानं आरशात बघून फक्त विचारलं, “मग?”

मग काय! हडपसरच्या ट्रॅफिकपर्यंत पोरगी बोलत होती. ट्रॅपिंग, कोच, सोलापूरची ती फास्ट लेफ्ट-इन, सगळं. दादानं दीडशे किलोमीटर जे समजावलं, ते तिला आधीच माहीत होतं. आणि हो, पार्सलमधली चिलापी लोणी काळभोरच्या आत संपली.

तेव्हापासून आमच्या घरात ‘भिगवण’ हा कोडवर्ड आहे. मॅचनंतर दादानं तोंड उघडलं की वहिनी नुसतं म्हणते, “भिगवण!” की हा गप्प. मॅच बघायला जातो, पण लांब, कोपऱ्यात उभा राहतो. हात खिशात. ओरडायचंच असेल तर दोन्ही टीमच्या चांगल्या मूव्हला टाळ्या. पुढच्या मॅचला पुतणी एसटीनं गेली नाही. गाडीनंच गेली.

तुमची मुलं अजून स्टिकएवढी नसतील किंवा मुलांचा पत्ताच नसेल, तरी ही ट्रिक लक्षात ठेवा. भाचे-पुतणे असतातच. आणि प्रेझेंटेशन आपटून आलेला नवरा, बायको किंवा रूममेट असतोच की. आधी खायला घाला. बोलायचं ते ज्याचं त्याला सुरू करू द्या.

(ता. क. : हे छापण्याआधी पुतणीची आणि दादाची, दोघांचीही परवानगी घेतली आहे. तिनं बदल्यात नवीन ग्रिप मागितली. दादानं काहीच मागितलं नाही. गप्प बसायची सवय लागलीय!)