उपरा सूर कानाने ओळखा

घरातल्या मुलाने किंवा मुलीने गिटारसाठी 'ॲम्प मॉडेलर' घेण्याचा हट्ट धरला असेल, तर पैसे मोजण्यापूर्वी हे वाचा. मोठ्या ॲम्प्लिफायरचा आवाज गणिताने हुबेहूब काढू पाहणारे हे छोटे यंत्र. लाइन सिक्स कंपनीचा 'पॉड' १९९८ साली आला. त्यानंतर अशी अनेक यंत्रे निघाली. त्यांची पारख खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा कानाने चांगली होते.

असे यंत्र सेकंदाला बहुधा ४८,००० वेळा आवाजाची नोंद घेते. त्याच्या निम्म्या, म्हणजे २४,००० कंपनांपर्यंतचेच सूर त्याला नीट मांडता येतात. पण आवाजाला डिस्टॉर्शन दिले की मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट, नऊपट कंपनांचे सूर उमटतात. ५,००० कंपनांची नऊपट ४५,०००. ही मर्यादेबाहेर जाते आणि ४८,००० मधून ती वजा जाता उरणाऱ्या ३,००० वर ऐकू येते. हा सूर कोणी वाजवलेलाच नसतो! सिनेमात धावत्या गाडीचे चाक कधी उलटे फिरताना दिसते, तसाच हा प्रकार. याला 'एलियासिंग' म्हणतात.

पारख अशी करा. हेडफोन लावा, गेन पूर्ण वाढवा. कॅबिनेटची सोय बंद करा. स्पीकरची ती नक्कल उंच सूर दाबते आणि दोष झाकते. मग सर्वांत बारीक तारेवर, शेवटच्या फ्रेटजवळ एकच सूर वाजवून तार हळूहळू ताणा. सूर वर चढेल. त्याच वेळी मागे एखादी शिट्टी खाली उतरताना ऐकू आली, तर तो एलियासिंगचा दोष समजा. दोन तारा एकदम छेडू नका. त्यांच्या मिश्रणातून खऱ्या व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्येही उपरे सूर निघतात. मग चांगले यंत्र उगाच बदनाम होते.

शेवटी कॅबिनेट सुरू करून नेहमीचे गाणे वाजवा. शिट्टी आता ऐकू येत नसेल, तर यंत्र कामाचे आहे. महागाच्या मागे धावू नका. गाण्यातही ती टोचत असेल, तर दुसरे यंत्र पाहा. ज्यांत डिस्टॉर्शनचे गणित चौपट-आठपट वेगाने होते, त्यांत हा दोष बराच कमी असतो. या सोयीला 'ओव्हरसॅम्पलिंग' म्हणतात.

दुकानात संकोच करू नका, हेडफोन मागून घ्या. पैसा आपल्या घामाचा आहे आणि ऐकणारे कानही आपलेच आहेत.