बोलणाऱ्या आवाजाचे नाव काय?

मराठी समीक्षेला डोळे आहेत, बुद्धी आहे, क्वचित हृदयही आहे. कान मात्र नाहीत. हे विधान अनेकांना अतिशयोक्त वाटेल. पण नाट्यसमीक्षेचे कोणतेही पुस्तक उघडावे आणि नटीच्या आवाजाविषयी त्यात काय लिहिले आहे ते शोधावे. संहितेची चिकित्सा सापडेल, नेपथ्य-प्रकाशयोजनेवर दोन परिच्छेद सापडतील, अभिनयाला 'सहज', 'उत्कट', 'संयत' अशी तीनचार विशेषणे वाटून दिलेली आढळतील. तिने कोणत्या अक्षरावर श्वास घेतला, कोणता स्वर लांबवला, कोणती बोली कुठून उचलली आणि ती कुठे सोडली, याची नोंद बहुधा नसेल. आवाज हा अभिनयाचा एक अवयव आहे हे आपण परीक्षेत 'वाचिक अभिनय' म्हणून चार ओळींत लिहितो. त्याचा स्वतंत्र विचार करणे आपल्याला कमीपणाचे वाटते.

याची किंमत कोणी मोजली हे पाहायचे असेल तर भक्ती बर्वे यांच्या कारकिर्दीकडे पाहावे. १९४८ मध्ये सांगलीत जन्म, सुधा करमरकरांच्या बालरंगभूमीवर घडण, आकाशवाणीवर निवेदन, मुंबई दूरदर्शनवर वृत्तनिवेदन, १९७५ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'तील मंजुळा, पुढे अशोक पाटोळे यांच्या 'आई रिटायर होतेय'मधील आई, १९८३ च्या 'जाने भी दो यारों' या हिंदी चित्रपटातील धूर्त संपादिका, १९९० चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, आणि १२ फेब्रुवारी २००१ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील अपघातात मृत्यू. एवढ्या भरगच्च आयुष्याचे आपण काय केले? 'फुलराणी' हा एक शब्द केला. उरलेले सारे 'त्या आकाशवाणी-दूरदर्शनवरही होत्या' अशा एका पुरवणी वाक्यात गुंडाळले. रंगभूमी ही कला आणि ध्वनिक्षेपकासमोरचे काम ही नोकरी, अशी ही वर्णव्यवस्था आहे. ती कोणी लिहून ठेवलेली नाही, म्हणून ती अधिक घट्ट आहे.

आता या वर्णव्यवस्थेची तपासणी करू. 'ती फुलराणी' हे शॉच्या 'पिग्मॅलियन'चे रूपांतर. त्याचा विषयच मुळी उच्चार हा आहे. फुले विकणारी एक मुलगी, भाषाशास्त्राचा एक प्राध्यापक, आणि बोली पुसून तिच्या जागी प्रमाण उच्चार बसवण्याची पैज. म्हणजे या नाटकातील नायिकेला एका संध्याकाळीत भाषेचा सारा सामाजिक उतार उलट दिशेने चढून जावे लागते. पहिल्या अंकातील मंजुळा आणि शेवटची मंजुळा यांच्यातील अंतर वेशभूषेने भरता येत नाही. ते स्वर, आघात आणि लय यांनीच भरावे लागते. शिवाय अधल्यामधल्या टप्प्यावर, उच्चार सुधारलेले पण विचार मूळचेच, अशी जी विलक्षण अवस्था येते ती निव्वळ कानाची परीक्षा आहे. ही परीक्षा देणारी नटी रोज ध्वनिक्षेपकासमोर बसणारी होती हा काय योगायोग मानायचा? ज्या प्रमाण उच्चारापर्यंत मंजुळेला पोहोचायचे होते, त्याची सवय या नटीला व्यवसायाने होती. आणि म्हणूनच तो उच्चार मोडायचा कुठे, हेही तिला ठाऊक असणार. ज्या कामाला आपण नोकरी म्हणून बाजूला सारले, ते काम या भूमिकेची तालीम होते, असे म्हणायला पुरेसा आधार आहे. आमच्या समीक्षेने सतीश दुभाषींच्या प्राध्यापकाला आणि भक्तीबाईंच्या मंजुळेला दाद भरपूर दिली. विश्लेषण मात्र दिले नाही.

याच नटीने दूरदर्शनवर 'बहिणाबाई' साकारली. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची कविता घरोट्यावर आणि शेतात आधी उच्चारली गेली, कागदावर ती इतरांनी उतरवली, आणि पुस्तकरूपाने ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आली. म्हणजे ही कविता मुळात आवाज होती. आपण ती वर्गात छापील संहिता म्हणून शिकवतो, अलंकार मोजतो, बोलीतील शब्दांचे प्रमाण प्रतिशब्द फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. सांगलीत जन्मलेल्या एका नटीने खानदेशी बोलीतील ते जग आपल्या गळ्यात घेण्याचा प्रयत्न केला, तो कितपत साधला, कुठे फसला, यावर मराठीच्या एखाद्या विभागात प्रबंध व्हायला हवा होता. पण 'मालिकेतील काम' साहित्याच्या अभ्यासात बसत नाही. मग काय बसते? छापलेले तेवढेच वाङ्मय असेल तर 'वाङ्मय' हा शब्द तरी आपण का वापरतो? त्यात पहिली 'वाक्' आहे, कागद नाही.

यावर एक ठरीव आक्षेप येईल: आवाज देणे ही दुय्यम, उसनी कला आहे, मूळ निर्मिती दुसऱ्याची, हे फक्त ओठांशी जुळवणे. हा आक्षेप घेणारे बहुतेक जण लता मंगेशकरांचे भक्त असतात, ही त्यातील गंमत. पार्श्वगायन म्हणजे तरी दुसरे काय? शब्द दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची, चेहरा तिसऱ्याच. तरीही तो आवाज निर्माता आहे हे आपण मान्य केले. मात्र ते आपोआप झालेले नाही. 'महल' (१९४९) मधील गाजलेल्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव नव्हते. पडद्यावरील पात्राचे, 'कामिनी'चे, होते. फिल्मफेअर पारितोषिकांत पार्श्वगायनाला जागा नव्हती, तेव्हा लताबाईंनी त्या सोहळ्यात गायला नकार दिला, आणि १९५९ पासून ते पारितोषिक सुरू झाले. म्हणजे गाणाऱ्या आवाजालाही नाव भांडून मिळवावे लागले. बोलणाऱ्या आवाजासाठी अजून कोणी भांडलेले नाही, एवढाच काय तो फरक.

बोलणाऱ्या आवाजाचे नाव झाकले गेले की काय होते, याचे उदाहरण केरळात आहे. 'मणिचित्रताळ' (१९९३) या मल्याळम चित्रपटासाठी शोभना यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नृत्य त्यांचे, डोळे त्यांचे, यात वाद नाही. परंतु त्यातील गंगेचा आवाज भाग्यलक्ष्मी यांचा होता, आणि अंगात आलेल्या नागवल्लीचा तमिळ आवाज दुर्गा या कलावतीचा होता. तो दुर्गा यांचा होता हे दिग्दर्शक फाझिल यांनी उघड सांगितले ते २०१६ मध्ये. तेवीस वर्षे एक स्त्री आपल्याच किंकाळीपासून अनोळखी राहिली. तरी केरळ बरे. तिथे राज्य चित्रपट पुरस्कारांत आवाज देणाऱ्यांसाठी वेगळा पुरस्कार आहे. अमेरिकेत जून फोरे या बाईंनी खारीपासून आजीबाईंपर्यंत शेकडो पात्रांना गळा दिला, सचेतपट कलावंतांसाठी १९७२ मध्ये 'अ‍ॅनी' पारितोषिके सुरू करण्यात पुढाकार घेतला, आणि २०१२ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी एमी पारितोषिक घेतले. तिथेही मान उशिरा मिळाला. पण मिळाला, कारण कामाला नाव होते आणि नावाची नोंद होती.

आता आपल्या गावाकडे येऊ. लातूर जिल्ह्यातील मुरुडसारख्या गावात गेल्या दोन दशकांत जी पिढी वाढली, तिचा हिंदीशी पहिला घरगुती संबंध कशातून आला? शाळेतून नव्हे, प्रेमचंदांतून तर नव्हेच. तो आला कार्टूनमधून. 'निंजा हातोरी'तला हिंदी बोलणारा तो चिमुकला निंजा आणि 'नॉडी' यांचा आवाज मेघना एरंडे यांचा आहे. मराठी रंगमंचावर आणि मालिकांत वावरलेली एक बाई जपानी मुलाच्या तोंडून हिंदी बोलते, आणि मराठवाड्यातील लेकरू जेवताना तेच वाक्य आईला ऐकवते. भाषेच्या अभ्यासकाला यापेक्षा रसरशीत प्रकरण कोणते हवे? पण बी.ए.च्या वर्गात या पात्राचे नाव घेतले की सारे चेहरे उजळतात आणि आवाजाच्या धनिणीचे नाव विचारले की शांतता पसरते. दोष विद्यार्थ्यांचा नाही. नाव पडद्यावर आलेच तर डोळ्याला दिसणार नाही अशा वेगाने सरकते. उलट २०२१ मध्ये 'बाहुबली' मराठीत आला तेव्हा प्रभासला गश्मीर महाजनी यांचा आवाज असल्याची बातमी झाली. कारण महाजनींचा चेहरा आधीच ठाऊक होता. म्हणजे आवाजाला नाव मिळते ते चेहऱ्याच्या उधारीवर.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आमच्याच विभागांतून येतो: भाषांतरित आवाजाने मराठी बिघडते. भाषांतरित संवादांची मराठी अनेकदा निर्जीव असते हे खरे. परंतु ती निर्जीव का असते, याचे उत्तर आपल्याकडेच येऊन थांबते. मराठीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांनी हे क्षेत्र हलके मानून सोडून दिले. ओठांच्या हालचालीत बसेल असे, श्वासात मावेल असे आणि तरीही मराठी वाटेल असे वाक्य लिहिणे हे वृत्तात लिहिण्याइतकेच कठीण आहे. आपण गणमात्रा शिकवतो, हे शिकवत नाही. आणि मग बिघडलेल्या भाषेवर चर्चासत्रे घेतो.

मराठवाड्याच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोचतो. मालिकेत नांदेड-लातूरकडची बोली ऐकू आली की समजावे, आता हसायचे आहे. नायिका प्रमाण बोलणार, तिचा गडी किंवा गावचा मावसा 'काय करलालास' म्हणणार. जणू या बोलीत प्रेम करता येत नाही, शोक करता येत नाही, कायद्याचा मुद्दा मांडता येत नाही. मंजुळेची पैज आपण सर्वांनीच स्वीकारली आहे. फरक इतकाच की नाटकातील मंजुळा शेवटी प्राध्यापकाला जाब विचारते, आपण विचारत नाही. उलट, ग्रामीण आणि दलित साहित्याचा अभ्यासक्रम मोठ्या अभिमानाने शिकवताना त्यातील संवाद आपण इस्त्री केलेल्या स्वरात वाचतो. ज्या विद्यार्थ्याच्या घरी तीच बोली बोलली जाते, त्याला उठवून 'तू वाच' असे किती जण म्हणतात? परभणी आणि छत्रपती संभाजीनगरच्या आकाशवाणी केंद्रांनी कृषिकार्यक्रमांत आणि श्रुतिकांत या बोलीला जी जागा दिली, तेवढीही आपल्या व्याख्यानकक्षांनी दिलेली नाही.

आणि आता वेळ थोडा उरला आहे. यंत्र आता माणसाच्या आवाजाची नक्कल करू लागले आहे. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाला मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये असे संरक्षण दिले, आशा भोसले यांच्या आवाजाला २०२५ मध्ये. अमेरिकेत व्हिडिओ गेममधील आवाजकलावंतांनी याच प्रश्नावर जुलै २०२४ मध्ये संप पुकारला आणि तो जवळपास वर्षभर चालवला. यातील सूत्र लक्षात घ्यावे. न्यायालयात जायचे तर 'हा आवाज माझा' असे म्हणता यावे लागते, आणि ऐकणाऱ्याला ते पटावे लागते. ज्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे त्यालाच ते सहज शक्य आहे. जिचे नाव कधी छापलेच गेले नाही, तिने काय सांगायचे? निनावी आवाज चोरणे सर्वांत सोपे, कारण तो कोणाचाच नसल्याचे आपण आधीच ठरवलेले असते. समीक्षेची उपेक्षा ही केवळ सौंदर्यशास्त्रातील त्रुटी नाही. तिचे रूपांतर उद्या कोणाची तरी रोजीरोटी जाण्यात होणार आहे.

मग करायचे काय? अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही अशा तीन गोष्टी आहेत. नाटकाचे वा मालिकेचे परीक्षण लिहिताना एक परिच्छेद आवाजावर लिहिणे, विशेषणांनी नव्हे, निरीक्षणांनी. नाटक शिकवताना संहितेसोबत उपलब्ध ध्वनिमुद्रण ऐकवणे, आणि दोन नटींच्या वाचनातील फरक हा परीक्षेचा प्रश्न करणे. आणि आपल्या परिसरातील बोलीत वाचणारे, सांगणारे, गाणारे आवाज नाव-गाव-वर्षासह, त्यांच्या संमतीने, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मुद्रित करून ठेवणे. त्याला आता खिशातील भ्रमणध्वनी पुरतो. 'साधने नाहीत' हे कारण उरलेले नाही.

ज्या भाषेतील पहिले महाकाव्य ऐकवण्यासाठी सांगितले गेले, जिच्या ओव्या जात्यावर जन्मल्या आणि जिची कीर्तने रात्रभर चालली, त्या भाषेच्या अभ्यासकांनी आवाजाला दुय्यम मानावे, हे परंपरेचे अज्ञान आहे. त्या अज्ञानाला शुद्धतेचे नाव देऊ नये. भक्ती बर्वे यांच्यावर पुढचा लेख लिहिणाऱ्याने कृपा करून 'फुलराणी' या शब्दाने सुरुवात करू नये. आधी ऐकावे, मग लिहावे.