डायपर घराचा, कचरा गावाचा! सुती लंगोट परत येईल, पण बाईच्या फुकट कामावर नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजाराच्या गावात जा. किराणा दुकानाच्या दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळेशेजारी आता डायपरच्या छोट्या पाकिटांचीही माळ लटकलेली दिसते. जी वस्तू आधी तालुक्याच्या मेडिकलात मिळायची, ती आता तेल-मिठासोबत मिळते. आणि वापरून झालेला डायपर कुठे दिसतो? नाल्यात, पांदणीच्या कडेला, उकिरड्यावर, गावाला लागून असलेल्या वावराच्या धुऱ्यावर. कुत्री तो फाडतात, पावसात आतली जेल फुगून वर येते आणि तेच पाणी पुढे नाल्याला लागते.

डायपर म्हणजे काय, ते आधी पाहू. वरून-खालून प्लास्टिकचा पातळ थर, मध्ये लाकडाचा लगदा आणि पाणी शोषून फुगणारी रासायनिक पावडर. कापसाच्या जिल्ह्यात विकल्या जाणाऱ्या या वस्तूत कापूस जवळजवळ नसतोच. ती कुजत नाही. जाळली तर प्लास्टिकचा धूर होतो. शेणखताच्या खड्ड्यात टाकली तर दोन वर्षांनी खतासोबत वावरात येते.

नियम आहेत, पण कोणासाठी?

२०१६ च्या घनकचरा नियमांत डायपरचा उल्लेख होता. वापरलेला डायपर नीट गुंडाळून द्यावा आणि त्यासाठी कंपन्यांनी पिशवी किंवा वेष्टण द्यावे, असे त्यात म्हटले होते. पण ते नियम मुख्यतः शहरांसाठी आणि शहरालगतच्या वस्त्यांसाठी होते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत कचऱ्याचे चार भाग सांगितले आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. डायपर सॅनिटरीत येतो. कागदावर चांगले आहे. पण ज्या गावात घंटागाडीच येत नाही, तिथे चौथी बादली ठेवून ती रिकामी कुठे करायची?

पैशाचेही पाहा. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० लोकसंख्येपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत निधीची तरतूद होती. म्हणजे २,००० वस्तीच्या गावाला जास्तीत जास्त १ लाख २० हजार. त्यातही ३० टक्के वाटा वित्त आयोगाच्या पैशातून. एवढ्यात गाडी घ्यायची, शेड बांधायचे की डायपरची विल्हेवाट लावायची? राज्याचा ग्रामीण भाग २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला. लहान मुलांची घाणही शौचालयातच गेली पाहिजे. डायपरमधली घाण मात्र गुंडाळी करून नाल्यात जाते.

आयांना दोष देऊ नका

असा विषय निघाला की पारावरचे लोक लगेच म्हणतात, आजकालच्या पोरींना लंगोट धुवायचा कंटाळा. हे बरोबर नाही. लंगोट मागे पडला त्याला कारणे आहेत.

पहिले कारण कापड. पूर्वी आजीचे जुने सुती लुगडे, आजोबांचे धोतर फाडून बाळाची दुपटी-लंगोट व्हायचे. वापरून मऊ झालेले, पाणी ओढणारे कापड. आता घरोघरी सिंथेटिक साड्या. ते कापड कितीही जुने झाले तरी ओल धरत नाही, लघवी वरूनच वाहते. म्हणजे लंगोटाचा कच्चा मालच घरातून संपला.

दुसरे कारण पाणी. रोजचे दहा-बारा लंगोट धुवायचे तर दोन-तीन बादल्या पाणी वेगळे लागते. जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे पाच जणांच्या घराला २७५ लिटर. जिथे नळ दोन दिवसांआड येतो, तिथे बाई आधी पिण्याचे भरेल की लंगोट धुवेल?

तिसरे कारण वेळ. बाळंतपणानंतर काही महिन्यांत निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचे लंगोट कोण धुणार? सासूही मजुरीला जाते. आणि पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन नसते. रात्री बाळ झोपावे आणि सकाळी आईला कामावर जाता यावे, यासाठी घर डायपर घेते. ही चैन नाही.

पण हिशेब डोळ्यासमोर ठेवा

एक डायपर १० रुपयांचा धरला आणि दिवसाला चार लागले, तर महिन्याला १,२०० रुपये. बाईची मजुरी ३०० रुपये धरली तर चार दिवसांची कमाई. वर्षाला १४,४०० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, त्याने थोडा फरक पडला असेल. पण त्याच दिवशी शिलाई मशीनवरचा करही १२ वरून ५ टक्के झाला. त्याची चर्चा कोणी केली नाही.

आता लंगोटाचे पाहा. ३६ इंच पन्ह्याच्या २ मीटर सुती कापडात १८ इंचांचे ८ चौकोन निघतात. तान्ह्या बाळाला धुणे-वाळवणे धरून २४ लंगोट हाताशी पाहिजेत, म्हणजे ६ मीटर कापड. मीटरला ६० रुपये धरले तर ३६० आणि कडा दुमडून शिवायला नगाला ५ रुपये धरले तर १२०. एकूण ४८० रुपये. तुमच्या गावचा भाव घालून पाहा. बाळ मोठे झाले की मोठ्या मापाचे लागतील, तरीही खर्च एकदाच आणि पुढच्या लेकराला तेच चालतात.

शिवायचे कसे?

कापड मलमल किंवा मऊ मांजरपाट घ्यावे. 'कॉटन' म्हणून मिसळीचे कापड गळ्यात मारले जाते. कडेचा धागा काढून घराबाहेर काडीने पेटवून बघा : कागदासारखा जळून मऊ राख झाली तर सुती, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. कोरे कापड कापण्याआधी दोन-तीन वेळा धुवा. खळ निघते, कापड आटायचे ते आधीच आटते आणि ओल धरू लागते.

लहान बाळाला चौकोनाचा त्रिकोण करून नाडीचा लंगोट पुरतो. चालू लागलेल्या, शी-शू सांगायला शिकणाऱ्या मुलाला थराची चड्डी बरी. अंगावर बसणारी जुनी चड्डी कापडावर ठेवून तिच्यापेक्षा सैल माप घ्या. मध्ये जुन्या सुती कापडाची चार-सहा पदरी पट्टी लावा. पट्टी चारी बाजूंनी शिवू नका. एकाच टोकाला शिवली तर उघडी पडून लवकर वाळते. मांडीचे इलास्टिक वळ उमटेल इतके आवळू नका. अशी चड्डी डायपरसारखी सगळे पाणी धरत नाही, पण ओले झाले की मुलाला कळते आणि तिथूनच सवय लागते.

धुताना घाण आधी शौचालयात टाका, मग साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. दमट लंगोट बांधू नका. लंगोट असो की डायपर, ओला तसाच राहिला तर अंगावर पुरळ येते.

मधला रस्ता

सगळे सोडा आणि कापडच वापरा, हे सांगणे सोपे, करणे अवघड. पण घरी असताना दिवसा लंगोट आणि रात्री किंवा दवाखान्याच्या प्रवासाला डायपर, असे केले तर दिवसाला चाराऐवजी एक लागतो. महिन्याला १२० डायपरचे ३० होतात. घराचे ९०० रुपये वाचतात आणि गावाचा हा कचरा चौथ्या हिश्शावर येतो.

यासाठी तीन गोष्टी ग्रामसभेत मागता येतील. एक, उमेदच्या बचत गटांतल्या शिवणकाम जाणणाऱ्या बायांना लंगोट आणि थराच्या चड्ड्यांचे काम मिळावे, नगावर रोख मजुरी देऊन. दोन, राज्याने २०१९ मध्ये सरकारी दवाखान्यातल्या पहिल्या बाळंतपणासाठी बेबी केअर किटची योजना आणली. त्यात स्थानिक गटांनी शिवलेले डझनभर सुती लंगोट घालावेत, अशी मागणी ठरावाने करावी. तीन, राहिलेल्या डायपरसाठी आठवड्यातून एक दिवस वेगळी उचल, आणि ते तालुक्याला कुठे नेणार याचे लेखी उत्तर पंचायत समितीकडून घ्यावे.

लंगोटाने कापसाला भाव मिळणार नाही, हे उघड आहे. २०२५-२६ चा मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये होता, आणि ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ मध्ये आयात शुल्कच माफ होते. तो लढा वेगळा. पण आपला कापूस गाठी होऊन बाहेर जातो आणि घरात प्लास्टिक येते, यात गावातल्या गावात थोडा बदल करता येतो.

आणि धुण्याचे काम एकट्या आईच्या माथी मारून लंगोट परत आणायचा विचार असेल, तर तो टिकणार नाही. बाळाच्या बापालाही बादली उचलता येते.